सालईचा म्हणून विकलेला अर्क

वनस्पतींच्या अर्कांवर काम करणाऱ्यांनी, आणि सांधेदुखीवर 'शंभर टक्के हर्बल' कॅप्सूल घेणाऱ्यांनीही, वाचावं म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या प्रयोगशाळेत पुरवठादाराकडून आलेली पूड दिसायला आणि वासाला अगदी सालई या झाडाच्या डिंकाची होती. फिकट पिवळसर, बोटांना किंचित चिकटणारी, राळेसारख्या वासाची. सोबत विश्लेषणाचं सर्टिफिकेट: बोस्वेलिक आम्लं (सालईच्या डिंकातले गुणकारी घटक) 65 टक्के, जड धातू मर्यादेत, जंतू मर्यादेत, खाली सही-शिक्का. सालईच्या अर्कासाठी 65 टक्के हा बाजारात रुळलेला आकडा आहे. पण तो बऱ्याचदा टायट्रेशनने, अर्कात थेंब थेंब अल्कली घालून, काढलेला असतो. म्हणजे अल्कली जितकी खर्ची पडेल तितकी सगळी बोस्वेलिक आम्लाच्या नावावर जमा. दुसरं कुठलं आम्ल आहे का, हे ती चाचणी विचारतच नाही. आणि जे आम्लच नाही, ते तर तिला दिसतही नाही. आमच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

सालईतला सगळ्यात चर्चेतला रेणू एकेबीए, बोस्वेलिक आम्लांपैकीच एक. सूज वाढवणारे ल्युकोट्राइन तयार करणाऱ्या 5-लिपॉक्सिजनेज या एन्झाइमला तो चिकटतो. 2020 मध्ये या जोडीची स्फटिकरचनाही, म्हणजे तो एन्झाइमच्या कोणत्या खाचेत बसतो याचं चित्रही, प्रसिद्ध झाली. त्या खाचेत बसतील असे एकेबीएचे नवे भाऊबंद संगणकावर आखायचे, आणि पूर्ण अर्काशी त्यांची तुलना करायची, असा आमचा बेत होता. अर्क हा आमचा मापदंड होता. मापदंडच खोटा निघाला की त्यावर मोजलेलं सगळंच वाया जातं.

पेशींवर अर्काने कमाल केली. अगदी कमी मात्रेत टीएनएफ-अल्फा हे सूज वाढवणारं प्रथिन धाडकन खाली. त्या अर्कात जेवढं एकेबीए असायला हवं तेवढंच शुद्ध एकेबीए दिलं, तर त्याच्या निम्माही परिणाम नाही. अशा वेळी वनस्पती-संशोधनात 'सिनर्जी', म्हणजे घटक एकत्र आले की परिणाम वाढतो, हे फार उबदार पांघरूण असतं. न जुळणारा कुठलाही आकडा त्याखाली झाकता येतो. कधीकधी सिनर्जी खरी असतेही, म्हणून तर हे फावतं.

पांघरूण काढलं ते उंदरांनी. पंजावरची सूज औषध-कंपनीच्या गोळीला लाजवेल अशी उतरली, पण सुरक्षिततेच्या चाचणीत त्याच अर्कावरच्या उंदरांची वजनं घटायला लागली. शवविच्छेदनात छातीतली थायमस ग्रंथी चिमट्याने शोधावी लागली, इतकी आक्रसलेली. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणारी ॲड्रिनल ग्रंथीही लहान. बाहेरून स्टिरॉइड मिळालं की असंच होतं. आमच्या पॅथॉलॉजीच्या मॅडमनी काचपट्टी बघून एवढंच विचारलं, "या गटाला स्टिरॉइड कुणी दिलं?"

कुणीच दिलं नव्हतं. मग टीएलसी, म्हणजे पट्टीवर घटक वेगळे करणारी चाचणी, लावली: हा लॉट, त्याच पुरवठादाराचा दुसरा लॉट, आणि स्वतः डिंकापासून काढलेला अर्क, तिन्ही शेजारी शेजारी. 254 नॅनोमीटरच्या दिव्याखाली एकेबीएचा गडद ठिपका तिन्हींत. पण आमच्या लॉटमध्ये त्याच्या बराच खाली आणखी एक ठिपका, छोटा आणि काळाभोर. तो भाग खरवडून मास स्पेकला, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राला, दिला. 393 वर आयन, आणि त्याच्या शेजारी 373. फरक 20 चा. पाणी गळालं असतं तर 18 चा आला असता. 20 म्हणजे हायड्रोजन फ्लोराइड. झाडं फ्लोरीनची संयुगं फारच क्वचित बनवतात, आणि बनवतात ती फ्लोरोॲसिटेटसारखी इवलीशी. हे होतं डेक्सामेथासोन, एक कृत्रिम स्टिरॉइड. बीटामेथासोन या त्याच्या जवळच्या स्टिरॉइडचं वस्तुमानही अगदी तेच असतं, म्हणून दोन्हींचे शुद्ध नमुने शेजारी चालवले, तेव्हा खात्री पटली.

डेक्सामेथासोन हायड्रोकॉर्टिसोन या सौम्य स्टिरॉइडच्या सुमारे 25 पट जोरकस असतं. त्याची गोळीच अर्ध्या मिलिग्रॅमची मिळते. एवढंसं मिसळलं तर 65 टक्क्यांचा आकडा जागचा हलत नाही. ही भेसळ करणारा माणूस अडाणी नव्हता.

पुरवठादाराची उत्तरं क्रमाने आली. आधी, "मॅडम, नैसर्गिक मालात फरक असतोच." मग, "तुमच्या उपकरणात आधीच्या नमुन्याचं काही राहिलं असेल." मग, लॉट बदलून देतो, पण लेखी काही नको. त्यानंतर फोन बंद. तोवर आम्ही दोन्ही लॉटची सर्टिफिकेटं एकमेकांवर ठेवून बघितली होती. जोडलेला एचपीएलसीचा, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचा, आलेख दोन्हींवर एकच. शिखरांच्या वेळा तिसऱ्या दशांशापर्यंत सारख्या, आणि तळरेषेवरची खरखरसुद्धा तीच. खरखर दोनदा तशीच कधी येत नसते.

असं पूर्वीही झालं आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगावर घेतलं जाणारं पीसी-स्पेस हे आठ घटकांचं हर्बल मिश्रण 2002 मध्ये बाजारातून काढलं गेलं. त्याच्या लॉटमध्ये रक्त पातळ करणारं वॉरफरिन, वेदनाशामक इंडोमेथासिन आणि डीईएस हे कृत्रिम इस्ट्रोजेन सापडलं होतं. त्यावर चाललेली रुग्णांवरची चाचणीही थांबवावी लागली.

आमचा कामाचा मोठा तुकडा गेला, एका विद्यार्थिनीचं प्रबंधातलं प्रकरण गेलं, आणि उंदीर फुकट मेले, याचा राग अजून आहे. पण हीच पूड कॅप्सूलमध्ये भरली गेली तर? घेणाऱ्याला दोन दिवसांत आराम पडणार. पुढे रक्तातली साखर चढेल, चेहरा सुजेल, संसर्ग दबून राहील. आणि बाटली संपली म्हणून एकदम बंद केलं, तर झोपी गेलेली ॲड्रिनल ऐन वेळी उठणार नाही. त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून अशा कॅप्सूलची शंका आली तर ती आपल्या मनाने फेकून देऊ नका. बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा, औषध कसं थांबवायचं ते त्यांना ठरवू द्या.

प्रयोगशाळेतल्यांनी टक्केवारीच्या शेजारी कोणती पद्धत लिहिली आहे ते बघावं. टायट्रेशन असेल तर एचपीएलसीचा मूळ डेटा मागावा, चित्र नव्हे, फाइल. डिंकाला पानं-फुलं नसतात, त्यामुळे नुसत्या नजरेने ओळख पटत नाही. खात्रीच्या झाडाचा थोडा डिंक जमवून स्वतःचा अर्क जवळ असू द्यावा. सर्टिफिकेट फक्त आधी ठरलेल्या गोष्टीच तपासतं. जे नसायला हवं ते आपल्यालाच शोधावं लागतं: सांधेदुखीच्या अर्कात स्टिरॉइडं, डायक्लोफेनॅक, इंडोमेथासिन, वजनाच्या औषधात सिब्युट्रामिन, मर्दानी ताकदीच्या औषधात सिल्डेनाफिल आणि त्याचे किंचित बदललेले नातलग. प्रत्येक लॉटमधली चमचाभर पूड सीलबंद करून, तारीख घालून, दोघांच्या सह्यांनिशी ठेवावी. आम्ही ठेवली होती, म्हणून तक्रार करताना औषध नियंत्रकांपुढे आमच्याकडे शब्दांपलीकडे काहीतरी होतं.