सोनं धुण्याचा संच: थाळी उत्तम, पण खोक्यावरचा फोटो खोटा

इथे कॅलिफोर्नियात चौथीला ‘गोल्ड रश’, म्हणजे सोन्यासाठी लोकांची उसळलेली झुंबड, शिकवतात. जिथे सोनं सापडून ती सुरू झाली, ते कोलोमा गाव पाहून आल्यापासून लेकीने सोनं शोधायचा ध्यास घेतला, म्हणून हा संच ऑनलाइन मागवला. कंगोरे असलेली हिरवी थाळी, चाळणी, लोहचुंबक, कण ओढून घ्यायची दाबाची बाटली आणि वाळूची पिशवी.

थाळी खरंच चांगली आहे. टबात बुडवून गोल गोल हलवली की वाळू अलगद वाहून जाते आणि जड ते कंगोऱ्यांत अडकतं. हिरव्या रंगावर बारीकसा कणही उठून दिसतो.

तक्रार आहे ती पिशवीबद्दल. पहिल्याच धुण्यात हरभऱ्याएवढे सात-आठ पिवळे खडे निघाले. लेक आनंदाने किंचाळली. सगळे पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधक! पिशवीत पायराइट असायला माझी हरकत नाही. डोंगरात सोनं आणि पायराइट बरेचदा गारेच्या एकाच शिरेत सापडतात. पण दोन्ही ओळखायचे कसे, यावर पुस्तिकेत एक ओळ नाही आणि खोक्यावर याच खड्यांचा फोटो ‘सोनं’ म्हणून छापलाय. ही मुलांची फसवणूक आहे.

मी सोनाराच्या घरातली. आजोबा कसोटीवर दागिना घासून कस बघायचे. मी फरशीचा उरलेला तुकडा उलटा केला आणि त्याच्या खरबरीत पाठीवर खडा घासला. हिरवट काळी रेघ उमटली. शेजारी माझी अंगठी हलकेच टेकवून ओढली, तर पिवळी. मग खडा फडक्यात गुंडाळून हातोडी मारली. भुगा झाला, फटाक्यासारखा वास सुटला. सोनं फुटत नाही, चेपतं. 24 जानेवारी 1848 ला कोलोमाच्या लाकूड कापायच्या गिरणीत कण सापडला, तेव्हा गिरणी बांधणाऱ्या जेम्स मार्शलनेही तो ठोकून पाहिला होता. तिथल्या कामगारांचा स्वयंपाक करणाऱ्या जेनी विमरने तर तो साबणाच्या कढईत उकळला, तरी तो तसाच राहिला.

आम्हाला खरं सोनं तिसऱ्या धुण्यात मिळालं. खसखशीएवढे चार कण, काळ्या रेतीच्याही मागे तळाशी बसलेले. सोनं पाण्याच्या 19 पट जड, पायराइट फक्त पाचपट, मागे राहणारच. थाळी सावलीत नेली तरी ते पिवळेच दिसत होते. पायराइट मात्र फिरवावा तसा चमकतो आणि विझतो.

थाळी जरूर घ्या, संचाशिवाय एकटी मिळाली तर फारच छान. चार कण आता पाण्याच्या कुपीत आहेत. शेजारी लेकीने पायराइटचा एक चौकोनी खडाही ठेवलाय, आणि त्याच्या अंगावरच्या समांतर रेघा ती रोज भिंगातून बघते.