‘शेवटचा पगार किती?’ : रिंगरोडवरच्या एका करिअर सेवेचा अनुभव

पैसे आधी सांगते, कारण आपल्याकडे पहिला प्रश्न तोच येतो. ८,५०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०,०३०. त्यात बायोडाटा नव्याने लिहून देतात, मुलाखतीचा सराव दोनदा घेतात आणि ‘पगाराची बोलणी’ नावाचा दीड तासाचा वर्ग असतो. जागा जळगावात रिंगरोडला, झेरॉक्सच्या दुकानावर दुसरा मजला. लिफ्ट आहे, चालू मात्र मी पाहिली नाही. नाव मुद्दाम देत नाही, पुढे तक्रार येणार आहे.

मी ५१ वर्षांची, सीएमए, म्हणजे कॉस्ट अकाउंटंट. १९९७ साली एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात अकाउंट्सला लागले, आज दुसऱ्या एका कारखान्यात डेप्युटी जनरल मॅनेजर, फायनान्स. नाशिककडच्या एका छोट्या लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीत सीएफओची, म्हणजे वित्तप्रमुखाची, जागा निघाली. तिथे अर्ज करायचा म्हणून यांच्याकडे गेले.

बायोडाट्याचं काम मनापासून आवडलं. समोर तिशीतला मुलगा होता. माझी चार पानं वाचून त्याने पेन्सिलीने दोन गोल केले. ‘मॅडम, इथे ३८ महिने आणि इथे ३१ महिने. काय केलं?’ पहिल्या वेळी मुलगी लहान होती. तेव्हा बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांची, २६ आठवडे झाली २०१७ साली, तोवर माझी लेक सहावीत गेली. दुसऱ्या वेळी सासूबाईंना अर्धांगवायू. तो म्हणाला, ‘घरून काही हिशेब वगैरे करत होता का?’ मला वाटलं, हा आता खोटं लिहायला सांगणार. तोंडावर आलेलं गिळलं आणि मग आठवलं. सावदा-फैजपूरच्या सात हार्डवेअर दुकानदारांचे व्हॅटचे रिटर्न मी तीन वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरले होते, मुलगी मांडीवर घेऊन. मोबदला म्हणजे दिवाळीला साडी आणि वर्षभर केळीचे घड. ते काम आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. त्याने लिहिलं, ‘स्वतंत्र व्यवसाय, सात ग्राहक.’ एक अक्षर खोटं नव्हतं. इथे पाचपैकी पाच.

तक्रार त्यांच्या तीन पानी फॉर्मबद्दल आहे. विवाहित का, मुलं किती, त्यांची वयं, जोडीदाराची नोकरी बदलीची आहे का, असे रकाने. शेजारच्या बाकावर भुसावळचे एक गृहस्थ तोच फॉर्म भरत होते. त्यांनी हे रकाने कोरे सोडले, काउंटरवरच्या मुलीने फॉर्म घेऊन शिक्का मारला. मीही कोरे सोडले. मला तिने परत बोलावलं. ‘ताई, हे राहिलं.’ मुलगी चांगली आहे, तिचा दोष नाही, पण मी जिना उतरेपर्यंत धुमसत होते.

त्याहून वाईट रकाना ‘शेवटचा पगार’. यांचं गणित सोपं आहे : शेवटचा पगार अधिक ३० टक्के. माझे २४ लाख, म्हणून मागा ३१ लाख २० हजार. आता या २४ लाखांत काय काय दडलंय ते मलाच ठाऊक. २००९ मध्ये परत लागले तेव्हा एचआरने २००६ चा आकडा विचारला आणि त्यावर थोडे चिकटवले. २०१८ मध्ये पुन्हा तेच. माझ्यासोबत एकाच आठवड्यात लागलेला सहकारी २००६ पर्यंत माझ्याएवढाच घेत होता, दोघांच्या स्लिपा आम्ही डब्याच्या वेळी उघड ताडून बघायचो. तो २०१३ ला जनरल मॅनेजर झाला. मी डेप्युटीला पोचले २०२१ ला. माझ्या एकाही महिन्याच्या पगारात कुणी हात मारलेला नाही, गेले ते ६९ महिने, आणि त्यांच्यामागून यायच्या त्या बढत्या.

म्हणून त्या वर्गात ‘स्त्रिया मागत नाहीत म्हणून त्यांना कमी मिळतं’ अशी स्लाइड पडद्यावर आली तेव्हा मी हात वर केला. माझी लेक पुण्याला अर्थशास्त्र शिकते आणि मला पीडीएफ पाठवत असते (मी वाचते हे तिला अजून खरं वाटत नाही). अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांच्या १९९२ ते १९९७ च्या आकड्यांवर बर्ट्रांड आणि हॅलॉक यांचा अभ्यास आहे. सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांत बायका अडीच टक्के, आणि पगार पुरुषांपेक्षा सुमारे ४५ टक्के कमी. पण त्या फरकातला तीन चतुर्थांशापर्यंतचा भाग एवढ्यावरच उलगडतो की बायका लहान कंपन्यांत होत्या आणि सर्वांत वरच्या खुर्चीवर क्वचित होत्या. पुढे २०१२ मध्ये गेल, गोलान आणि मिलर यांनी अधिकाऱ्यांची कारकीर्द वर्षानुवर्षं मागोवा घेत तपासली. हुद्दा आणि पार्श्वभूमी सारखी धरली तर बायकांना उलट जास्त मिळतं, बढतीही लवकर होते. फक्त त्या या क्षेत्रातून पुरुषांपेक्षा लवकर बाहेर पडतात, आणि इथे जो टिकतो त्यालाच बढती आणि पैसा. २०२३ चं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दोन सहकाऱ्यांसोबत शिकागोच्या एमबीए झालेल्यांचं बघितलं, तिथेही सुरुवातीला पगार जवळपास सारखे, दरी पुढे वर्षांगणिक रुंदावत गेली. कारणं कामाचे तास आणि मधले खंड. हे सगळं तिकडचं. पण माझी पेन्सिलीची दोन वर्तुळं त्यात चपखल बसतात.

सर शांतपणे ऐकून म्हणाले, ‘मॅडम, मुद्दा बरोबर आहे, पण मार्केट असंच चालतं.’ आणि पुढची स्लाइड.

खरा वर्ग त्या शनिवारी अमळनेरला झाला. आई भरीत करत होती. तिला सगळं सांगितलं. तिने वांग्याची साल काढता काढता विचारलं, ‘पयला साहेबले कितला व्हता?’ म्हणजे आधीच्या साहेबाला पगार किती होता? १०,०३० रुपयांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

आमच्या घरात वार्षिक अहवाल म्हणजे पंचांगासारखा. विप्रो १९४५ साली अमळनेरलाच वनस्पती तुपाची कंपनी म्हणून सुरू झाली, त्यामुळे गावात शेअर ठेवणारी घरं आहेत. वडील टपालाने आलेला अहवाल मागून पुढे वाचायचे. ‘खरं ते टिपांमध्ये असतं,’ म्हणायचे. मीही तेच केलं. नाशिकवाल्या कंपनीच्या अहवालात, रिलेटेड पार्टीच्या (कंपनीशी संबंधित व्यक्तींशी झालेल्या व्यवहारांच्या) टिपेत, जाणाऱ्या सीएफओचा आकडा छापलेला होता : ४६ लाख. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १९७ आणि त्याखालच्या नियमांनुसार सर्वाधिक पगाराच्या दहा जणांची यादीही ठेवावी लागते, वयासकट. ती अहवालात छापलेली नव्हती, शेअरधारकाने कंपनी सेक्रेटरीला लिहिलं तर मिळते. दहा शेअर घेतले, ईमेल टाकला, यादी आली. साहेब ५३ व्या वर्षी रुजू झाले होते. मला मात्र सरावाच्या मुलाखतीत सांगितलं होतं की ५८ ला निवृत्ती, सातच वर्षं राहिली, कंपनी विचार करेल.

मुलाखतीत शेवटचा पगार विचारलाच. मी २४ सांगितले, लपवायचं काय. आणि म्हटलं, ‘पण या खुर्चीला गेल्या वर्षी तुम्ही ४६ दिलेत.’ क्षणभर कुणीच बोललं नाही. मग चहा मागवला. ४१ वर ठरलं. पाच सोडले, कारण मला नाशिकला आठवड्यातून चारच दिवस बसायचं होतं, आई ८० ची आहे.

सेवेला साडेतीन स्टार. बायोडाट्यासाठी आणि मुलाखतीच्या सरावासाठी जरूर जा, पोरगा हुशार आहे, रविवारीही फोन उचलतो. पगाराच्या वर्गाला नाही गेलात तरी चालेल, ते २,००० कमी करून देतात, फक्त आधी विचारावं लागतं. जाताना जुने फॉर्म १६ सोबत न्या, आणि गाडी गल्लीत लावा, समोर लावली की झेरॉक्सवाले काका हवा सोडतात.