मांडवच्या ‘हेरिटेज पास’ची भानगड (आम्ही कसे गंडलो)

आम्ही इंदोरचेच, मांडव (म्हणजे मांडू) काही पहिल्यांदा बघत नव्हतो, शाळेच्या सहलीत दोनदा जाऊन आलेय, तरी गंडलो. पुण्याहून मावशी-काका आले होते आठ दिवसांसाठी आणि मावशीचा एकच हट्ट, मांडव, महेश्वर आणि मधे एक रात्र खऱ्या खेड्यात. ह्यांना ऑफिसमुळे ठरवाठरवीला वेळ नाही, मग मीच एका ओळखीच्या बाईंनी फॉरवर्ड केलेल्या टूरवाल्याच्या नंबरवर मेसेज टाकला.

उत्तरात व्हॉईस नोट आली. "जय मल्हार ताई..." आणि पुढे असं अस्सल मराठी की विचारू नका. आमचं इंदोरी मराठी अर्धं हिंदीत भिजलेलं, हा मात्र "आपण निश्चिंत असावे" वगैरे! डीपीला अहिल्यादेवी. म्हणे आमचे पणजोबा मातोश्रींच्या दरबारात कारकून होते. आता मातोश्री गेल्या १७९५ मध्ये, हा आवाजावरून फार तर पन्नाशीचा, पणजोबा बसतात कुठे त्यात? पण तेव्हा कोण हिशेब करतंय, मावशी तर ती नोट ऐकून विरघळलीच, "आपला माणूस आहे गं, पाठव पैसे."

पाठवले. होमस्टेचे ८००० आणि प्रत्येकी ४५० चा ‘हेरिटेज पास’, सहा जणांचे २७००. पास म्हणजे काय तर मांडवचे सगळे महाल एकाच पासवर, रांग नाही, गाईडसकट. गाडीचे पैसे ड्रायव्हरला द्यायचे होते, आणि गाडी आली वेळेवर, ड्रायव्हर पोरगाही चांगला, त्यामुळे शंका येणार तरी कशी, तो बिचारा पण फोनवरच ठरवलेला होता हे नंतर कळलं.

जहाज महालाच्या तिकीट खिडकीवर मी ऐटीत पीडीएफ दाखवली. आतल्या माणसाने नीट बघितलंही नाही, "मॅडम, ये हमारा नहीं है." म्हणजे असली पीडीएफ आधी बघितलेली होती त्याने! मांडवात असा पासच नसतो. तीन ठिकाणी वेगळी तिकिटं, एक जहाज महाल-हिंडोला महालाच्या परिसराचं, एक होशंगशहाची कबर आणि जामी मशीद, एक रूपमती मंडपाकडे. प्रत्येकी २५ रुपये, आणि १५ वर्षांखालच्या पोरांना काहीच नाही. आमची दोन्ही पोरं लहान, म्हणजे चार मोठ्यांचे मिळून ३०० रुपये झाले, २७०० चं काम. वर त्या पासवर होळकरांचं चिन्ह छापलेलं, मांडव सुलतानांचं, पुढे धारच्या पवारांकडे, होळकर कुठून आले तिथे? हे मला तिथे उभं राहिल्यावर सुचलं, घरी पीडीएफ बघताना नाही.

फोन केला तर लगेच उचलला, "सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे ताई, तुम्ही तिकिटं काढून घ्या, मी रात्रीच्या बिलातून वजा करतो." आणि मी मानलं! खरी चूक इथे झाली, तेव्हाच बँकेला फोन केला असता तर निदान काहीतरी अडवता आलं असतं. पण आम्ही मजेत फिरलो, गेटवर ओळखपत्र बघून गाईड घेतला, रूपमती मंडपातून लांब खाली नर्मदेची रेघ दिसते ती मावशीला दाखवली, काकांनी खुरासानी चिंच (गोरखचिंच) विकत घेऊन दात आंबवून घेतले.

संध्याकाळी गावात पोचलो. घर तेच, फोटोतलंच, सारवलेली ओसरी, चूल, सगळं. फक्त आमचं बुकिंग नव्हतं. घरमालकाला मी फोटो दाखवला, चुलीपाशी एक म्हातारी बसलेली, तो म्हणाला ही माझी आई आहे, फोटो मीच टाकलेला, त्या माणसाला मी ओळखत नाही, आणि दिवाळीपासून असे येणारे तुम्ही पाचवे. खोल्यांत दुसरी फॅमिली होती. भल्या माणसाने ओसरीत खाटा टाकून दिल्या, दाल-पानिये (पानात भाजलेल्या मक्याच्या भाकऱ्या) खाऊ घातले, सहा जणांचे १५०० घेतले. मावशीला खेडं हवं होतं ते मिळालं म्हणायचं.

हँडपंपापाशी कशीबशी एक कांडी रेंज येत होती, तिथे उभं राहून १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार नंबर मिळाला. खातं भलत्याच कोणाच्या नावावर. सकाळी बघते तर त्याने सगळ्या व्हॉईस नोट्स आणि पीडीएफ दोन्हीकडून डिलीट केलेल्या, नशीब पीडीएफ फोनमध्ये सेव्ह होती आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट होते, पोलीस ठाण्यात तेच कामाला आले. त्यामुळे असलं काही वाटलं की भांडायच्या आधी सगळं सेव्ह करा, भांडण नंतर. आणि होमस्टे असेल तर मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोला, घर दाखवायला सांगा, राज्याच्या पर्यटन मंडळाकडे नोंदणी आहे का तेही विचारा. मराठी बोलतो म्हणून पैसे पाठवू नका, आम्ही तेवढ्यावरच पाठवले होते.

पैसे अजून आलेले नाहीत. गेल्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर एकीने मांडव टूरची जाहिरात टाकली, नंबर नवीन, डीपी तोच. पास आता ५०० चा झालाय.