बोलोन्यातली टोकनची लाँड्री: पाचपैकी साडेचार

इटलीत आठवड्याच्या वर राहणार असाल तर कपडे हॉटेलात धुवायला देऊ नका. तिथे नगावर पैसे लावतात, चार शर्टांत एका जेवणाचे पैसे जातात. ‘लावासेक्को’ अशी पाटी असेल तर ते ड्रायक्लीनिंगचं दुकान, बहुधा दुपारी बंद. आपल्याला हवी ती ‘लावान्देरीआ आ जेत्तोनी’, टोकन किंवा नाणी टाकून आपली आपण धुवायची लाँड्री.

बोलोन्यात विद्यापीठाच्या भागात उतरलो होतो. कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्या काकांना विचारलं, ‘चे ऊना लावान्देरीआ आ जेत्तोनी क्वी वीचीनो?’ काका काउंटर सोडून दारापर्यंत आले आणि हाताने वळणं दाखवली. इटालियन बोलायला मराठी माणसाने अजिबात बिचकू नये. ‘जेत्तोनी’तला जोड-त आपल्या ‘पत्ता’सारखा दाबून म्हटला की समोरच्याला लगेच कळतं. बाहेर धो धो पाऊस होता, पण या शहरात कमानीखालचे झाकलेले पदपथ सगळे मिळून ६२ किलोमीटर आहेत, २०२१पासून युनेस्कोच्या यादीतही आहेत. पिशवी कोरडीच पोचली.

दुकानात माणूस नाही. भिंतीत पैसे भरायचं एकच यंत्र, त्यावर मशीनचा नंबर दाबायचा. ८ किलोचं मशीन पाच युरोच्या आत होतं, साबण आतून आपोआप पडतो. ‘नोन दा रेस्तो’ असं लिहिलेलं असेल तर सुटे परत मिळत नाहीत, म्हणून आधीच कॉफी घेऊन नोट मोडा.

माझी खरी काळजी आईची इरकल होती. रंग जाईल म्हणून ती सगळ्यांच्या कपड्यांत टाकायची हिंमत होईना. शेजारी चादरी घडी घालत बसलेल्या आजींना साडी दाखवून म्हटलं, ‘सिन्योरा, क्वेस्तो स्तिन्जे?’ म्हणजे याचा रंग जातो का? त्यांनी पदर दोन बोटांत चोळून पाहिला, काठ उलटा करून पाहिला, आणि आपल्या पिशवीतून कागदासारखं पांढरं कापड काढून माझ्या हातात ठेवलं. त्याला ‘आक्क्याप्पाकोलोरे’ म्हणतात, पाण्यात सुटलेला रंग ते ओढून घेतं. तिथल्या सुपरमार्केटात साबणाच्या फळीवर त्याची डबी मिळते. मग मशीनवरचं ‘फ्रेद्दो’ म्हणजे थंड पाण्याचं बटण त्यांनीच दाबलं, आणि ड्रायरकडे बोट करून ठामपणे नकारार्थी मान हलवली. धुऊन निघालं तेव्हा ते कापड गुलाबी झालं होतं, आईचे पांढरे परकर पांढरेच होते. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

साडी खोलीवर वाळवली. घरमालकिणीला ‘आवेते ऊनो स्तेन्दीनो?’ विचारलं तर तिने घडीची वाळवणाची घोडी लगेच आणून दिली. अपार्टमेंटमध्ये ती बहुतेक असतेच, फक्त कपाटामागे असते.

अर्धा गुण कापला तो ड्रायरसाठी. दोनांवर ‘ग्वास्तो’ म्हणजे बंद पडल्याची चिठ्ठी होती, उरलेल्यांवर रांग, आणि जीन्सला दुसऱ्यांदा नाणी घालावी लागली. रविवारी संध्याकाळी विद्यार्थ्यांची झुंबड असते, सकाळीच जा. दारावर ‘ऊल्तीमो लावाज्जो’समोर शेवटच्या धुण्याची वेळ लिहिलेली असते. दुकान बंद व्हायच्या बरीच आधीची असते ती, तेवढी बघूनच पिशवी भरा.