७ किलोचं वेटेड ब्लँकेट, आठ महिने वापरून: थंडीत सोनं, एप्रिलमध्ये शिक्षा

नोव्हेंबर ते जून, पुण्यातला फ्लॅट, जवळजवळ रोजचा वापर. ब्लँकेट ७ किलोचं, १५० बाय २०० सेंटीमीटर, आत काचेचे रव्याएवढे मणी, वरचं कापड सुती. वापरणारी व्यक्ती ६८ किलोची आणि हल्ली ज्याला एचएसपी (हायली सेन्सिटिव्ह पर्सन, म्हणजे अतिसंवेदनशील माणूस) म्हणतात त्या स्वभावाची. शेजारचा मिक्सर, टीव्हीचा लाल ठिपका, मानेला टोचणारं लेबल, दिवसभरात जे जे आत शिरलं ते रात्री अकरालाही आतच. हा आजार नव्हे. एलेन आणि आर्थर ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली २७ प्रश्नांची मोजपट्टी देऊन मांडलेला तो स्वभावगुण आहे. निद्रानाश आणि सततची धास्ती या मात्र वेगळ्या गोष्टी, आणि त्यांवर उपचार आहेत.

निकाल आधीच सांगते. आडवं झाल्यावरची पहिल्या अर्ध्या तासातली तगमग या ब्लँकेटने खरंच कमी होते. पहाटे तीनला टक्क उघडणाऱ्या डोळ्यांवर त्याचा काडीचा उपयोग नाही.

तगमग का कमी होते? अशा माणसाला हलका स्पर्श जास्त छळतो. सरकणारी पातळ चादर, पायावर अधूनमधून टेकणारी तिची कड. जड, सलग दाब एकाच जागी राहतो आणि अंग त्याची दखल घेणं सोडून देतं. स्वीडनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मानसिक विकारांसोबत निद्रानाश असलेल्या १२० जणांना चार आठवडे साखळ्यांचं जड किंवा हलकं ब्लँकेट दिलं होतं. जड ब्लँकेटवाल्यांचा निद्रानाश बराच कमी झाला. पण जड आहे की हलकं हे अंगावर घेतल्याबरोबर कळतंच, त्यामुळे त्यात अपेक्षेचा वाटा किती ते वेगळं काढता येत नाही. शिवाय ते रुग्ण होते, नुसते संवेदनशील स्वभावाचे लोक नव्हेत.

खरेदीत सगळे शरीराच्या वजनाच्या दहा टक्के एवढंच बघतात. ते ठीक, पण खरा आकडा दर चौरस मीटरचा. ७ किलो ३ चौरस मीटरवर पसरले की चौरस मीटरला २.३ किलो पडतात. तेच ७ किलो डबलबेडच्या २०० बाय २२० मध्ये भरले तर जेमतेम १.६, आणि शिवाय पलंगाखाली लोंबणारी बाजू अख्खं ब्लँकेट जमिनीकडे ओढत राहते. म्हणून एकट्यापुरतंच घ्यावं, आणि दोन वजनांत अडलात तर हलकं. शिवणीचे चौकोन १० सेंटीमीटरच्या आसपास हवेत. मोठ्या चौकोनांत मणी एका कोपऱ्यात गोळा होतात, मग छातीवर ओझं आणि पोटरीवर काहीच नाही. प्लास्टिकचे दाणे कूस बदलताना सरसरतात. आवाजाला जागणाऱ्याने ते घेऊच नयेत.

पहिला आठवडा संध्याकाळी सोफ्यावर वीस-तीस मिनिटं, फक्त मांड्यांवर. मग रात्री छातीपर्यंत. मानेपर्यंत ओढायचं नाही, आणि कुशीवर झोपणाऱ्यांनी खांद्याच्या खालीच ठेवायचं, नाहीतर सकाळी खांदा आखडतो. उताणं झोपलं की पावलं पुढे दाबली जाऊन टाचा दुखतात, हे कुठल्याच जाहिरातीत नसतं. उपाय सोपा, घोट्यापाशी थांबवायचं आणि पावलं बाहेर. उकाड्यातही तेच कामी येतं.

उकाड्याचं तेवढ्याने भागत नाही, हा भाग वेगळा. मार्चच्या मध्यापासून पंखा पाचवर असूनही पाठ घामेजते, आणि घामाने जाग आली की सगळी कमाई गेली. मखमली पॉलिस्टरची खोळ असेल तर फेब्रुवारीतच हात टेकाल. मलमलची शिवून घ्यावी, आतल्या बंदांना चारी कोपरे बांधून. एप्रिल-मेमध्ये झोपण्याआधी अर्धा तास अंगावर आणि मग बाजूला, एवढाच वापर उरला.

धुणं हे मोठं दुखणं. सुकं ब्लँकेटच ७ किलोचं, भिजल्यावर घरच्या मशीनचा ड्रम पिळताना धडधडतो. खोळ दर आठवड्याला, ब्लँकेट वर्षातून दोनदा टबात, आणि वाळवायचं खाटेवर आडवं पसरून. दोरीवर टाकलं की मणी खाली उतरून शिवण उसवते. पावसाळ्यात धुवायचंच नाही, आतल्या अस्तराला कुबट वास बसतो. सहाव्या महिन्यात इथे एक चौकोन उसवला. फरशीवर पडलेल्या मण्यांवरून पाय घसरतो, तेव्हा आधी झाडू, मग बारीक टाक्यांचं ठिगळ.

आता तीन वाजताची गोष्ट. इथे ब्लँकेट उलटच अडचण करतं, कारण उबेतून उठवत नाही आणि माणूस तासभर जागाच लोळतो. मग अंथरूण म्हणजे जागरण, हे डोक्यात पक्कं होतं. साधारण वीस मिनिटं झाली असं वाटलं (घड्याळ बघायचं नाही) की ब्लँकेट पायथ्याशी लोटून मंद दिव्यात बाहेर बसावं आणि पेंग आल्यावरच परतावं. उठायची वेळ रविवारीही तीच. पलंगावर आठ तास आणि झोप साडेपाच अशी नोंद दोन आठवडे आली, तर काही काळ बारा ते सहाच आडवं व्हायचं. झोप त्या वेळेच्या ८५ टक्क्यांवर गेली की पंधरा मिनिटं वाढवायची. पाच तासांखाली कधीच नाही. अपस्मार किंवा बायपोलर असेल, किंवा काम गाडी चालवण्याचं असेल, तर हा प्रयोग डॉक्टरांशिवाय नको. काळज्यांसाठी संध्याकाळी सातला पंधरा मिनिटं आणि एक वही: डावीकडे काळजी, उजवीकडे उद्याचं पहिलं काम.

फोमचे इअरप्लग जोडीला चालतात. बारीक सुरळी करून, विरुद्ध हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवायचे आणि तीस सेकंद बोट धरून ठेवायचं. डीजेच्या बेसपुढे मात्र ते हरतात. शिवाय कान बंद झाले की स्वतःचे ठोके मोठे ऐकू येतात, धास्तावलेल्या माणसाला ते नकोसं. पंख्याची घरघर त्यापेक्षा बरी.

घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर आधी झोपेची तपासणी. दमा, स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं), रक्ताभिसरणाचा त्रास, बंदिस्तपणाची भीती यांत डॉक्टरांना विचारावं. स्वतः बाजूला सारू न शकणाऱ्या लहान मुलांवर तर हे टाकूच नये. धास्ती दिवसभर सुटत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात.

चार-पाच हजार घालण्याआधी आजीच्या जुन्या साड्यांच्या गोधड्या काढा. स्वतः काट्यावर उभं राहा, मग गोधड्या हातात घेऊन पुन्हा उभं राहा, फरक तेच वजन. पाच-सहा किलो होईपर्यंत एकावर एक रचा, कडा चार टाके घालून जोडा, तीन रात्री झोपून बघा. तिसऱ्या रात्रीही लाथेने उडवल्या गेल्या, तर पैसे वाचले.