फाइन आर्ट्सनंतर: ग्राफिक की वेब?

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या मराठी घरांतून हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. मुलीचं सयाजीराव विद्यापीठातून पेंटिंग झालंय. आता ग्राफिक डिझाइन करू दे की वेब? त्यामागे एक धास्तीही असते, की डिझाइनला गेली म्हणजे चित्रकला सुटली. ती धास्ती आधी काढून टाका. याच विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीतले चित्रकार के. जी. सुब्रमण्यन 1959 ते 1961 हातमाग मंडळात डिझाइनचं काम बघत होते. चित्रकार म्हणून ते त्यामुळे उणे झाले नाहीत.

ग्राफिकमध्ये पेंटिंगवाल्यांचा हात लवकर बसतो. कागदाचा आकार ठरलेला, रचना आपल्या ताब्यात. नवं शिकायचं ते छपाईचं: फाइल सीएमवायकेत (म्हणजे छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या अशा चार शायांत), फोटो 300 डीपीआयचे (इंचाला 300 ठिपके), कडेला 3 मिमी ब्लीड, म्हणजे कापताना पांढरी कड राहू नये म्हणून बाहेर वाढवलेला रंग. पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर मळकट उतरतो, कारण चार शाया मिळूनही तो रंग गाठू शकत नाहीत. पॅलेटवर रंग मरताना पाहिलेल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. सॉफ्टवेअर म्हणाल तर प्रेसमध्ये कोरल ड्रॉ लागतं, जाहिरात एजन्सीत इलस्ट्रेटर. औषधकंपन्यांमुळे खोकी-लेबलांचं काम गावातच मिळतं, पण भावात घासाघीस फार. शिवाय एकदा छापलं की चूक दुरुस्त होत नाही. त्या धाकाने नजर तयार होते, म्हणून मला ही सुरुवात आवडते.

वेबमध्ये कागदच ठरलेला नसतो. तेच पान 360 पिक्सेल रुंदीच्या फोनवर दिसायचं आणि लॅपटॉपवरही. म्हणजे चित्र रचायचं नाही, नियम ठरवायचे: जागा कमी पडली तर काय खाली सरकेल, काय लपेल. पडद्यावरची पानं रचायचं सॉफ्टवेअर फिग्मा महिनाभरात हाताखाली येतं, पण वेबपानं ज्यात लिहितात ते एचटीएमएल-सीएसएस निदान वाचता आलंच पाहिजे. फिकट राखाडी अक्षरं कितीही देखणी वाटली, तरी मजकूर आणि पार्श्वभूमीतला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान 4.5:1 हवा, उन्हात रिक्षात बसून वाचणाऱ्यालाही दिसलं पाहिजे. पेंटिंगवाल्यांना सर्वांत जड जातं ते वेगळंच: इथे सही करून काम बाजूला ठेवता येत नाही, ते बदलतच राहतं. मोबदल्यात घरी बसून पुण्या-बंगळुरूचं काम करता येतं.

आपल्या मुलांची एक जमेची बाजू दोन्हीकडे चालते: देवनागरी आणि गुजराती, दोन्ही लिप्या डोळ्यांत बसलेल्या असतात. इंग्रजीसाठी ठरवलेलं ओळींमधलं अंतर मराठी मजकुराला तसंच लावलं, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. हे ज्याला खटकतं, त्याच्या हाती काम सोपवायला मी तयार आहे. मुक्ता हा फुकट मिळणारा फॉन्ट घ्या, त्याचं गुजराती भावंड मुक्ता वाणी घ्या आणि दोन्ही लिप्यांत एक पान करून पाहा.

माझं मत: पेंटिंग किंवा शिल्प केलेल्यांनी आधी वर्षभर छपाईत काढावं, मग हवं तर वेबकडे वळावं. अप्लाइड आर्टवाल्यांना, म्हणजे जाहिरात-छपाईची कला शिकलेल्यांना, हा वळसा लागत नाही. आणि वस्तू उघडून आत काय चालतं ते बघायची ज्याला खोड आहे, त्याने थेट वेबच धरावं.

तरीही ठरत नसेल तर सयाजीबागेतल्या म्युझियमची माहिती घ्या. त्याच मजकुराची एक घडीची पत्रिका करा, एक फोनवरचं पान करा. पत्रिका प्रेसमध्ये छापून घ्या, पान आजीच्या हातात द्या. ज्यातल्या चुका दुसऱ्या दिवशी स्वतःहून दुरुस्त कराव्याशा वाटतील, ते काम तुमचं.