थंडी साठवायची की वीज? मासळीच्या आणि आंब्याच्या खोलीसाठी

रत्नागिरीकडे शीतखोलीच्या छपरावर सोलर बसवला की मालकाचा पुढचा प्रश्न ठरलेला: "ऊन गेल्यावर काय?" प्रश्न रास्त आहे. केंद्राच्या 2023 च्या नियमांनुसार व्यावसायिक आणि औद्योगिक ग्राहकांना उन्हाच्या तासांतली वीज किमान 20 टक्के स्वस्त, तर जास्त मागणीच्या तासांतली किमान 1.2 पट महाग पडायला हवी. म्हणजे दुपारचं काहीतरी रात्रीसाठी राखायचंच. ते बॅटरीत राखायचं की बर्फाच्या टाकीत?

आधी हिशोब. समजा खोलीला सरासरी 2 टन कूलिंग लागतं (हा एसीचा टन, वजनाचा नव्हे), म्हणजे साधारण 7 किलोवॉट. सहा तासांची झाली 42 युनिट थंडी. एक टन बर्फ वितळताना सुमारे 93 युनिट उष्णता ओढून घेतो, म्हणजे साडेचारशे किलो बर्फ पुरतो. मी सहाशे धरतो. तेच काम बॅटरीवर करायचं तर कॉम्प्रेसर एका युनिट विजेत तीन युनिट थंडी देतो असं धरून 14 युनिट लागतील, आणि बॅटरी 17-18 युनिटांची घ्यावी लागेल. बर्फाच्या टाकीत आहे काय, तर पाणी आणि नळ्या. ती वर्षानुवर्षं गोठते-वितळते, तिची क्षमता बॅटरीसारखी घटत नाही.

मासळीवाल्याने म्हणून फार विचार करू नये. त्याला शून्याच्या आसपासच थंडी हवी, आणि बर्फाची लादी म्हणजे साठवलेली थंडीच. फक्त मोठी लादी गोठायला एक दिवस सहज जातो. सगळं काम उन्हाच्या तासांत उरकायचं असेल तर कॉम्प्रेसर मोठा घ्यावा लागतो. उणे 18 अंशांवर फ्रोझन माल ठेवणाऱ्याला मात्र साधा बर्फ निरुपयोगी. तिथे उणे 21 ला गोठणाऱ्या मिठाच्या द्रावणाच्या प्लेटा लागतात.

आंब्याचं गणित वेगळं आहे, आणि इथेच लोक फसतात. हापूसला 12-13 अंश पुरे. त्याखाली बराच काळ ठेवला तर साल काळवंडते, फळ धड पिकत नाही. एवढ्याशा थंडीसाठी बर्फ करायचा तर कॉम्प्रेसर उणे आठ-दहाला चालवावा लागतो आणि वीज पाव हिश्शाने तरी जास्त जाते. पाच-सात अंशांना गोठणारं पीसीएम, म्हणजे बर्फासारखंच गोठता-वितळताना थंडी साठवणारं रसायन, हा तोटा टाळतं, पण ते महाग असतं. शिवाय त्यातली क्षारांची काही मिश्रणं कालांतराने फुटतात, खाली गाळ बसतो. नुसतं थंड पाणी साठवायचं म्हटलं तर पाच अंशांच्या फरकावर सात टनांहून मोठी टाकी लागेल. जागा असेल तर तीही वाईट नाही.

त्यात आंब्याची खोली चालते जेमतेम तीन महिने. उरलेलं वर्ष टाकी रिकामी. बॅटरी मात्र पंपाला, घराला, दिव्यांना कामी येते. म्हणून फक्त आंबा असेल तर मी बॅटरीकडे झुकतो. मासळी असेल तर जून-जुलैची बंदी सोडून दहा महिने टाकी राबते, तिथे बर्फच. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. तशा वेळी दोन्ही तोकडी पडतात, जनरेटर ठेवाच.

आणि टाकी घेण्याआधी कुणाची तरी चालू टाकी पावसाळ्यात जाऊन बघा. बाहेरून हात लावा. पत्र्याला घाम सुटलेला असेल तर आतलं इन्सुलेशन भिजलंय. आपल्या दमट, खाऱ्या हवेत ते एकदा भिजलं की सुकत नाही, आणि साठवलेली थंडी रात्रभर त्या भिंतीतून गळत राहते.